पहिल्या गिअरचा आवाज

ट्रकवरून गाडी उतरवायला चार माणसं लागली आणि ती बघायला अख्खी गल्ली गोळा झाली. शालन वरच्या गॅलरीत उभी होती. तिनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि दोरीवरचा टॉवेल ओढून ती आत निघून गेली.

मी खालून हाक मारली, "अगं, खाली ये की! बघ तरी!"

"दिसली मला," आतून आवाज आला. "कुकर लावलाय."

ही गोष्ट दोन हजार आठच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. उद्यमनगरातलं लेथचं वर्कशॉप भाच्याच्या हवाली करून मोकळा झालो होतो, मुलगी मेघना लग्न होऊन बडोद्याला गेली होती, आणि घरात आम्ही दोघंच उरलो होतो. अशा वेळी शहाणा माणूस गुडघ्यांची काळजी घेतो. मी बेळगावच्या एका डॉक्टरांकडून त्रेपन्न सालची एमजी विकत घेतली.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्लंडात बनलेली, लांब नाकाची, दोन माणसांची उघडी गाडी. दारं उलटी उघडतात, स्टेपनीचं चाक पाठीवर, आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. गाडी चालवताना बूड रस्त्यापासून हातभर अंतरावर असतं. तीस मैलांचा वेग साठ मैलांसारखा वाटतो, आणि त्यातच सगळी मजा आहे.

अशीच एक गाडी तरुणपणी माझ्याकडं होती. ती हिरवी होती, ही लाल, एवढाच फरक. ती मी एकोणऐंशी साली विकली, आणि शालनसाठी विकली. हे पैपाहुण्यांत सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच ते सांगत आलो होतो. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली आणि कुणी गाड्यांचा विषय काढला की मी सरसावून बसायचो. "लोक बायकोला सोन्याचे डाग करतात," मी म्हणायचो, "आम्ही बायकोसाठी गाडी सोडली!" लोक हसायचे. शालन वाढत असली तर वाढत राहायची. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही, आणि ते मी तिचं समाधान समजायचो.

सोडण्याचं कारण खरंच होतं. नवीन लग्न झालेलं. मी हौसेनं तिला गाडीत घालून फिरायला न्यायचो. ती शेजारी बसायची, पदर खोचायची, सगळं ठीक. पण मी पहिला गिअर टाकला की खर्र करून आवाज यायचा, आणि तिचं तोंड कसनुसं व्हायचं. डोळे घट्ट मिटायची. मुठी आवळायची. चौकात थांबून निघालो की तेच, चढावर तेच. बाई घाबरते, मी ताडलं. वर्षभर बघितलं आणि मग एका गुरुवारी हुबळीचे एक व्यापारी वर्कशॉपवर आले, गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या, आणि मी तासाभरात किल्ली त्यांच्या हातात दिली.

शालन तेव्हा शिवणक्लासला गेली होती. संध्याकाळी परतली तर शेड रिकामी. मी पुढं होऊन सांगितलं, "तुझ्यासाठी केलं. आता घाबरायचं कारण नाही." ती शेडकडं बघत उभी राहिली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. त्यागाचं चीज झालं, असं मला वाटलं होतं.

तर आता लाल गाडी दारात आली होती, मुलगी मोठी होऊन गेली होती, भीतीचंही वय उलटलं असणार असा माझा हिशोब होता. पण शालन गाडीत बसेना.

"चल की, रंकाळ्याला एक चक्कर मारून येऊ."

"तुम्ही जावा. मी भाजीला जातो."

आमच्या कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, आमच्या कानाला ते सवयीचं आहे.

"भाजी गाडीतून आणू."

"पिशव्या कुठं ठेवायच्या? तुमच्या मांडीवर?"

"बरं, नुसतं बसून तरी बघ. दारातच."

"मी त्या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी शांतपणे, दुधाचा रतीब बंद करावा तसं. "तुम्हाला हौस आहे, तुम्ही फिरवा. मी काही बोललो काय? पण मला बोलवू नका."

तीन आठवडे असेच गेले. मी रोज सकाळी एकटाच निघायचो. लोक हात करायचे, पोरं मागं धावायची, सिग्नलला मोटारसायकलवाले फोटो काढायचे. आणि डावीकडची सीट रिकामी. सरळ सांगतो, मला फार लागलं. ही गाडी मी माझ्या एकट्यासाठी घेतली नव्हती. दोन माणसं उरली, दोन सीटांची गाडी आणली. पन्हाळ्याला जाऊ, मडक्यातलं दही खाऊ, म्हातारपणी जरा उनाडक्या करू, एवढंच डोक्यात होतं. संसारात जे करायचं राहून गेलं त्यातलं थोडं तरी करू. ती शेजारी नसेल तर गाडी लाल काय नि हिरवी काय. शेवटी मी ठरवलं की आणखी आठवडाभर बघायचं, नाहीतर गाडी डॉक्टरांना परत करायची.

त्याआधी मात्र दस्तगीर मिस्त्रीकडं गेलो.

दस्तगीर मुलाणी म्हणजे शाहूपुरीतला जुन्या गाड्यांचा शेवटचा जाणकार. माझी हिरवी गाडी त्याच्याच हाताखाली होती. असल्या गाड्या मालकाकडं कमी आणि मिस्त्रीकडं जास्त असतात. या गाड्यांच्या नटबोल्टांना हल्लीचे पाने बसत नाहीत, जुन्या विलायती मापाचे लागतात. तसा पुरा संच जिल्ह्यात फक्त त्याच्याकडं होता, खाकी कापडात गुंडाळलेला. दोन्ही कार्बोरेटर सारखे श्वास घेतात की नाही हे तो रबरी नळी कानाला लावून ऐकायचा. आता ऐंशी ओलांडली होती, पाठ वाकली होती, पण कान तेच होते.

"आनलासा व्हय परत?" गाडी बघून तो म्हणाला. बॉनेटवरून हात फिरवत तो एक फेरी मारून आला. "चला, मला बशीवून एक चक्कर मारा."

मी त्याला डावीकडं बसवलं. पहिला गिअर टाकला. खर्र. दस्तगीरचं तोंड कसनुसं झालं, डोळे मिटले गेले. पुढच्या चौकात थांबून निघालो. खर्र. पुन्हा तेच तोंड. हे तोंड आपण कुठं तरी पाहिलंय असं मला वाटलं, पण समोर रिक्षा आली आणि विचार सुटला.

परत आल्यावर मी विचारलं, "गिअरबॉक्स काढावा लागेल काय, मिस्त्री?"

"गेरबॉक्स ब्येस हाय."

"मग आवाज कसला?"

"त्यो मानसाचा हाय." त्यानं खिशातला बोळा काढून हात पुसले. "मालक, ह्या गाडीचा दुसरा, तिसरा, चौथा आपापले दात जुळवून घेत्यात. पहिल्याला ती सोय न्हाई. त्याचं दात आपन जुळवायचं. गाडी हुबी असली तर आदी दुसरा दावायचा, मग पहिला. चालू असली तर दोनदा क्लच. मदी न्यूट्रलला पाय सोडून उलीसं रेस, मग परत क्लच. तवा मुकाट्यानं पडतो. ह्ये मी तुमास्नी अठ्ठ्याहत्तर सालापासनं सांगतोय."

"ऐकलं नाही मी."

"न्हाई ऐकलासा," तो म्हणाला. "मी ह्यो गेर दोघांस्नी शिकवला. एकाला आला."

तो दुसरा कोण हे मी विचारलं नाही. मला माझंच दुःख सांगायचं होतं. ते मी सांगितलं: गाडी शालनसाठी आणली, आणि ती बसत नाही. "पहिल्यापासून घाबरते ती, मिस्त्री. तुम्हाला माहीतच आहे, त्यापायी तर हिरवी विकली."

दस्तगीरचे हात पुसून झाले होते, तरी तो पुसत राहिला.

"वहिनीसाब घाबरत्यात?"

"तर! डोळे मिटून बसायची."

त्यानं बोळा खिशात कोंबला. मग स्टुलावर बसला आणि म्हणाला, "त्यास्नी माजा एक निरोप सांगा. दस्तगीर म्हनला, पन्हाळा राहिलाय. एवडंच सांगा. आपल्या मनाचं कायबी घालू नका."

घरी आलो तेव्हा शालन मेथी निवडत होती. मी निरोप दिला तसाच दिला. तिचे हात थांबले.

"दस्तगीरमामा म्हणाले?"

"हो. पन्हाळा राहिलाय म्हणाले. काय राहिलंय?"

"मामांच्या लक्षात आहे अजून," ती स्वतःशीच म्हणाली. मेथीची एक काडी तिनं हातात धरली होती, ती तशीच परत जुडीत ठेवली. "उद्या सकाळी लवकर निघू. ऊन व्हायच्या आत."

मला इतका आनंद झाला की का, कसं, काहीही विचारलं नाही. संध्याकाळभर गाडी पुसत बसलो.

सकाळी ती खाली आली ती नऊवारी-पाचवारीच्या भानगडीत न पडता मेघनाचा जुना पंजाबी ड्रेस घालून. पायात सकाळच्या फिरण्याचे कॅनव्हासचे बूट. ओढणी तिनं कमरेला गाठ मारून बांधली होती. हिला एवढी तयारी कशाला लागते, मी मनात म्हटलं, बसायचं तर आहे. पण ती बसली होती, एवढं मला पुरेसं होतं. डावीकडची सीट भरली होती.

शिवाजी पुलाच्या अलीकडं थांबून निघालो. खर्र. तिनं डोळे मिटले.

"अजून घाबरतेस?" मी प्रेमानं विचारलं.

"पुढं बघून चालवा," ती म्हणाली.

पंचगंगा ओलांडली आणि पुढं सगळं छान झालं. दोन्ही बाजूला ऊस, कुठंतरी गुऱ्हाळ चाललेलं, त्याचा गोड वास थेट तोंडावर. शालनचे केस उडत होते आणि ती ते सारखे करत नव्हती. केर्ली मागं पडली. एका ट्रॅक्टरवाल्यानं रामराम केला तर ती चक्क हसून हात हलवून मोकळी झाली. मला वाटलं, जिंकलो.

वाघबीळला वळून घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर आमच्या पुढं एसटी आली. भरलेली गाडी, मुंगीच्या पावलांनी चढत होती. मी दुसऱ्यात होतो, इंजिन धडधडायला लागलं. पहिला टाकायला हवा होता, तोही गाडी चालू असताना. मी टाकला. खर्रर्र. गेला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तोच आवाज. गाडी थांबली, बंद पडली आणि हळूच मागं सरकायला लागली. मी हँडब्रेक ओढला.

मागं एक जीप होती, तिचा हॉर्न सुरू झाला. मी इंजिन चालू केलं, दस्तगीरनं सांगितलेलं आठवायचा प्रयत्न केला. आधी दुसरा की आधी पहिला? दोनदा क्लच कशाला? घाईत पाय सुटला आणि गाडी गचका खाऊन पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदाही तेच. जीपच्या मागं आणखी एक गाडी आली. घामानं स्टिअरिंग निसटत होतं.

"हँडब्रेक तसाच राहू दे," शालन म्हणाली. "आणि उतरा."

"काय?"

"उतरा म्हणतो मी. इकडं येऊन बसा."

मला वाटलं, ही माणसं बोलावून गाडी ढकलणार. ती उतरली. जीपवाल्याला तिनं तळहात दाखवला, आणि का कोण जाणे, त्याचा हॉर्न बंद झाला. गाडीला वळसा घालून ती माझ्या बाजूला आली. मी उतरलो. ती बसली, सीट पुढं घेतली, आरसा हातानं फिरवला. क्लच दोनदा दाबून बघितला. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडं हलवला, जात्याचा खुंटा नीट बसलाय का बघावं तसा. मग तिनं स्टार्टर ओढला.

"शालन, अगं, हा घाट आहे—"

"बसा."

मी बसलो. तिनं दांडा दुसऱ्याकडं नेला, तिथनं अलगद पहिल्यात. काही आवाज झाला नाही. गाडी हलली, एक गचका खाल्ला आणि बंद पडली. "रेस कमी झाली," ती पुटपुटली, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी गाडी निघाली.

पुढच्या वळणावर आम्ही एसटीला पुन्हा गाठलं. मी तिच्या पायांकडं बघत होतो. क्लच. न्यूट्रल. पाय वर. उजव्या पायानं जरासं रेस. पुन्हा क्लच. दांडा पहिल्यात गेला. चालत्या गाडीत, चढावर, मुकाट्यानं. मी आयुष्यभर ज्या गाडीच्या गोष्टी सांगितल्या त्या गाडीचा पहिला गिअर असा पडतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"लायसन?" मला दुसरं काही सुचलं नाही.

"आहे. ब्याण्णवला स्कूटरचं काढलं तेव्हा चारचाकीचंही काढून घेतलं. मुदत संपल्यावर परत काढलं."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीसा."

वळणापलीकडं रस्त्याला लागून थोडी रुंद जागा होती. एक बाई कणसं भाजत बसली होती. शालननं तिथं गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत बोलायला लागली.

"शिवणक्लास फक्त सोमवारी असायचा. मंगळवारी आणि गुरुवारी मी मामांच्या गॅरेजात जायचो. तुमची गाडी तिथंच असायची निम्मा महिना. मामा मला शेंडा पार्कच्या माळावर न्यायचे. तेव्हा तिथं काही नव्हतं, नुसती म्हसरं चरायची."

"मिस्त्रीनं शिकवलं तुला?"

"मीच मागं लागलो त्यांच्या. ते नको म्हणत होते. सासूबाईंना कळलं असतं तर मामांचं नाव खराब झालं असतं आणि माझंही काही खरं नव्हतं. म्हणून कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. मला तुम्हाला चकित करायचं होतं." ती थांबली. "मामांची एक अट होती. पन्हाळा एकट्यानं चढून यायचं. शेजारी कुणी नको. मग ते पास म्हणणार होते. तो गुरुवार ठरला होता."

कुठला गुरुवार, हे मला विचारावं लागलं नाही.

"मी चार वाजेपर्यंत गॅरेजात बसून होतो. मामा म्हणाले, मालक सकाळीच गाडी आणून सोडतो म्हणाले होते, येतील. मग घरी आलो. शेड रिकामी. तुम्ही म्हणाला, तुझ्यासाठी केलं."

निखाऱ्यातली एक ठिणगी उडून रस्त्यावर पडली. बाई वारा घालत होती.

"पण तू घाबरायचीस," मी म्हणालो. "डोळे मिटायचीस. मी बघायचो."

आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "घाबरायला काय झालं होतं मला? तुम्ही गिअरचे दात मोडत होता. मामांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, हिचे दात खायला लावायचे नाहीत. आणि तुम्ही प्रत्येक चौकात लावायचा. माझेच दात आंबायचे. डोळे मिटणार नाही तर काय करणार? बोलायची सोय नव्हती. बोललो असतो तर, तुला काय कळतं, असं तुम्ही विचारलं असतं, आणि मला सगळं सांगावं लागलं असतं."

"मग विकल्यावर तरी सांगायचं होतंस!"

"विकल्यावर सांगून काय उपयोग? तुम्ही एवढे खूश होता. पहिल्यांदा वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग तुम्ही ते लोकांना सांगायला लागला. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. मेघनाच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या पानात जिलेबी वाढत होतो. तुमची सगळ्यात लाडकी गोष्ट होती ती. ती खोटी आहे असं चार लोकांत कसं म्हणू?"

"आणि आता? आता का बसत नव्हतीस?"

"परत तुमच्या शेजारी बसून तोच आवाज ऐकायचा?" ती परत समोर बघायला लागली. "नको वाटलं मला. दुसरी गाडी आणताना तरी विचाराल असं वाटलं होतं. विकताना विचारलं नाही, घेताना विचारलं नाही. ट्रकवरनं उतरवून झाल्यावर म्हणता, खाली येऊन बघ."

मला लाज वाटली. बोलून दाखवता येईल अशी साधी लाज नव्हती ती. या बाईकडून मी जी वस्तू काढून घेतली, ती तिच्यासाठीच सोडली म्हणून एकोणतीस वर्षं मिरवत आलो होतो. आणि वर तिनं उपकार मानावेत अशी माझी अपेक्षा होती. तिनं ते मुकाट ऐकून घेतलं, आणि दर वेळी माझ्या पानात वाढलंही.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. बायका म्हणतात, तीही एरवी म्हणायची. त्या दिवशी नाही म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

थोड्या वेळानं तिनं आरशात मागं बघितलं. रस्ता मोकळा होता.

"आता उतरा."

"म्हणजे?"

"मामांची अट आहे. वर एकट्यानं जायचं. इथवर तुम्ही बसला होता, ते मोजणार नाहीत. मी खाली वाघबीळला जाऊन परत वर जातो, गडाच्या नाक्यापाशी वळवतो आणि येतो."

"शालन, ब्रेक जुने आहेत. उतारावर—"

"माहीत आहेत. उतारावर दुसऱ्यात ठेवायची."

मी उतरलो. तिनं गाडी वळवली, दोन दमात वळवली, आणि खाली गेली. लाल रंग झाडांत दिसेनासा झाला.

कणीसवाली म्हणाली, "सायेब, बाईसायबांनी तुमाला हितंच सोडलं की."

"होय."

"भांडान झालं?"

"नाही. परीक्षा आहे त्यांची."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक कणीस हातात दिलं. मी ते धरून उभा राहिलो. दहा-बारा मिनिटांनी खालून आवाज येऊ लागला. एक वळण. दुसरं. प्रत्येक वळणाला इंजिनचा सूर खाली यायचा, क्षणभर काही नाही, आणि मग सूर परत उचलला जायचा. शालन समोरून गेली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, बघायला नकोच होतं, समोर वळण होतं. मग ती वर गेली आणि आवाजही गेला.

तिथं उभं राहून मला भीती वाटली. ब्रेकची होती, समोरून येणाऱ्या एसटीची होती. पण खरी भीती निराळीच होती. तिला वर गेल्यावर खाली यावंसं वाटेल का, ही. एकटीला चांगली जमत होती गाडी. चांगली म्हणजे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. ती आज परत येईल हे मला ठाऊक होतं, जाणार कुठं? पण त्या अर्ध्या तासात मी पहिल्यांदा विचार केला की या संसारातही ती दर वेळी परतच येत गेली होती, आणि मी ते धरून चाललो होतो.

पस्तीस मिनिटांनी ती आली. केस पार विस्कटलेले, नाकावर धूळ, डोळ्यांतून पाणी. वाऱ्यानं असेल. मी विचारलं नाही. तिनं गाडी माझ्यापाशी उभी केली आणि डावीकडचं दार आतून ढकललं.

"बसा. मामा दुपारच्या नमाजला जातील, त्याआधी पोचायचंय."

परतीच्या वाटेवरही गाडी तीच चालवत होती. केर्लीजवळ मी एकदा म्हणालो, "मला शिकवशील?" ती म्हणाली, "बघू." पुलावर थांबून निघताना तिनं दुसरा दाखवून पहिला टाकला, आणि मी तिचा हात कसा फिरतो ते नीट बघून घेतलं.

शाहूपुरीत वळलो तेव्हा दस्तगीर गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसला होता. आवाजावरूनच त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण गाडी दिसायच्या आत तो उभा राहिला होता. उजव्या सीटवर कोण आहे हे त्यानं बघितलं. वाकलेली पाठ होईल तेवढी सरळ केली. शालननं इंजिन बंद केलं. आता ती काहीतरी बोलेल, तो काहीतरी बोलेल, रडारड होईल, असं मला वाटलं.

"किती येळा बंद पडली?" त्यानं विचारलं.

"एकदा, मामा. पण तेव्हा हे शेजारी होते. एकट्यानं गेलो तेव्हा एकदाही नाही."

दस्तगीरनं मान हलवली. "उतारावर?"

"दुसऱ्यात."

"मग पास," तो म्हणाला.

शालन उतरली आणि वाकून त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग तिनं इंजिन परत चालू केलं, दोघांनी मिळून बॉनेट उघडलं, त्यानं रबरी नळी काढून तिच्या हातात दिली, आणि ती नळीचं टोक कानाला लावून ऐकायला लागली. मी डावीकडच्या सीटवर बसून राहिलो. मला उतरा असं कुणी म्हणालं नव्हतं.